भिंतीवरचं वचन

३ फेब्रुवारी, सोमवार

नाही म्हणून सांगितलं. सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

मुलगा सकाळी आला होता. लिफ्ट दुरुस्तीचा निळा डगला, खिशाला टेस्टर, बुटांना ग्रीस. पायपुसण्यावरच उभा. आत ये म्हटलं तर म्हणे, बूट खराब आहेत. सुनेला सातवा लागलाय आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय — उठायचं ते न्हाणीघरापुरतं. तिला माहेर नाही, मावशीने वाढवलेली. ती मावशीही आता नाही. ह्याचं काम हे असं: कुठे कुणी अडकलं की हातातला घास टाकून धावायचं.

"आई, सहा-सात आठवडे येऊन राहशील का?"

म्हटलं, चांगली बाई बघून देते. माझ्या ओळखीच्या आहेत.

"बाई नकोय, आई."

"मग माझ्याच्याने होणार नाही. कारण तुला माहीत आहे."

"माहीत आहे," म्हणाला. "पाठ आहे."

पाठ असायलाच हवं. जन्मायच्या आधी ज्याला देवाला वाहिलं, तो चर्चचा पाळक व्हायला गेला आणि दीक्षेला चार महिने उरले असताना ट्रंक उचलून घरी आला! नऊ वर्षं झाली. मी बोलणं टाकलेलं नाही, मी काही अडाणी नाही. पण तेव्हापासून त्याच्या घरी पाण्याखेरीज काही घेतलं नाही. लग्नातही वीस मिनिटं बसून उठले. वचन स्वच्छ आहे: अर्धवट अर्पण परमेश्वर परत पाठवतो. जे त्याने परत पाठवलं ते मी कवटाळून कसं बसणार?

गळका नळ मात्र दुरुस्त करून गेला. त्यासाठी बूट काढले.

५ फेब्रुवारी, बुधवार

महिला मंडळात पहिलं भाषण झालं. नव्या पाळकांनी चार बुधवार माझ्याकडे दिलेत. विषय: आजच्या मूर्ती. "तुमच्याइतकं रोखठोक कोण बोलणार, बाई?" हेल्मेट काखेत धरून प्रार्थना करतात, पण माणूस बरा आहे. वयाने माझ्या मुलाएवढाच.

म्हटलं, सोन्याचं वासरू आता कुणी ओतत बसत नाही, त्याची गरजच उरली नाही. मोबाईल उशाखाली घेऊन झोपता, शास्त्र कपाटात. मुलीच्या मार्कांसाठी उपास करता, मुलीसाठी नाही. आणि ज्या बाईच्या नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक दोन वर्षं निघत नाही ती सोफ्यावर बसत नाही, सोफ्याची पूजा करते! हशा पिकला. दोघी-तिघी मात्र खाली बघत होत्या. लागायचं तिथे लागलं.

परतताना शिवणबाई बरोबर होती. चाळीस वर्षांची मैत्रीण, अर्ध्या मंडळीची झगे-पोलकी हिच्या मशीनवरून गेलीत, जीभही सुईसारखीच. म्हणाली, "सगळ्यांच्या मूर्ती मोजल्यास. तुझी कुठली?"

"मला वेळ नाही मूर्तीबितीला."

"वेळ नसेल. जागा असेल."

हिला काहीतरी बोलल्याशिवाय घास गिळवत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

उपासनेला मुलगा नव्हता. मी काही वळून पाहिलं नाही.

पाहिलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुसरं भाषण पहिल्यापेक्षा चांगलं झालं. संदेष्ट्याने सांगितलेला तो सुतार घेतला. एकच ओंडका. अर्धा चुलीत घालतो, स्वयंपाक करतो, शेकत बसतो, वा, काय ऊब आली म्हणतो. उरलेल्या अर्ध्याला रंधा मारून नाकडोळे काढतो आणि त्याच्याच पाया पडतो — मला वाचव! मी म्हटलं, ह्या शहाण्याला एकदाही वाटत नाही का की अरे, हे तर मीच केलंय, हातावर अजून भुसा आहे? बायका डोळे पुसेस्तोवर हसल्या.

नंतर पाळकांनी थांबवलं. चारही भाषणांची छोटी पुस्तिका काढायचं त्यांच्या मनात आहे, शेवटी आपलं वचन टाकायचं. "तेवढा संदर्भ एकदा तपासून द्याल का, बाई? मी तो अध्याय पाहिला, मला काही सापडलं नाही."

"नीट पाहा," म्हटलं.

आता ह्यांना काय सांगायचं! सभागृहाच्या दाराशेजारी भिंतीवर चौकटीत आहे. मी स्वतः भरलेलं, फुली टाक्याचं, तांबड्या दोऱ्यात. अर्धवट अर्पण परमेश्वर परत पाठवतो. खाली जुन्या कराराच्या शेवटच्या पुस्तकाचं नाव, अध्याय पहिला. येता-जाता सगळे वाचतात. शिवाय दरवर्षी जी मुलं पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसतात त्यांना प्रत्येकाला मी त्याची लहान प्रत करून देते. एकतीस झाल्या. एकतीस घरांतल्या भिंतींवर आहे, आणि ह्यांना सापडत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पाहिलं. अध्याय चौदा ओव्यांचा. आंधळं जनावर, लंगडं, आजारी — वेदीवर आणणाऱ्यांना देवाने चांगलं फैलावर घेतलंय. सगळं आहे. आपलं वाक्य नाही.

जुन्या भाषांतरात असेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

जुन्यात नाही. त्याहून जुन्यात नाही. इंग्रजीतही नाही. मग आमच्या ह्यांची जाडी शब्दसूची काढली. 'अर्पण' खाली चार स्तंभ. बोट ठेवून एकेक ओळ. 'अर्धा' खाली पाहिलं, 'परत' खाली पाहिलं. दुपारचं जेवण राहिलं.

सूचीच अपुरी असणार, असं इथे लिहिलं होतं. खोडते. तीस वर्षं गणित शिकवलं. सगळ्या रीतींनी उत्तर येत नसेल तर गणित पुन्हा वाचा, असं पोरांना सांगत आले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पाळकांना घरी बोलावून सांगितलं, ओवी सापडत नाही. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, चमच्याने काढत बसले. मला वाटलं आता शिकवतील. नाही शिकवलं.

मीच म्हटलं, "शब्द नसतील. अर्थ तर तोच आहे ना?"

"तोच आहे का, बाई?" म्हणाले. "जनावर लंगडं होतं म्हणून तिथे राग नाही. चांगलं गोठ्यात बांधलेलं असताना लंगडं आणलं, म्हणून राग आहे. लबाडीचा."

"मग?"

"मग काही नाही. ज्याच्यापाशी चांगलं होतंच, आणि त्याने ते लपवलं, असा कुणी तुमच्या डोळ्यांसमोर आहे का?"

मी कप उचलले. माझ्या घरातलं त्यांना कुणी सांगितलंय की काय? सगळ्यांनाच ठाऊक आहे म्हणा.

मुलाने काय लपवलं? काहीच नाही. तेच तर खटकलं होतं. दारात उभा राहून सगळं तोंडावर सांगितलं होतं त्याने.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बरं नाही म्हणून कळवलं. तिसरं भाषण झालं नाही. मला काहीही झालेलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

शिवणबाईच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. मशीन, आरसा, आणि गिऱ्हाइकाला एक स्टूल. तिथे बसून विचारलं, चौकटीतलं वाक्य मी कुठून घेतलं, तुला आठवतं का?

तिने मशीन थांबवलंसुद्धा नाही. "साहेबांच्या प्रवचनातून. त्या रविवारी ऐकलंस आणि सोमवारी माझ्याकडे कापड मागायला आलीस."

साहेब म्हणजे हे. बावीस वर्षं ह्या मंडळीचे पाळक होते. जाऊन चार वर्षं झाली.

"आणि खालचा संदर्भ?"

"तो तुझा."

"माझा कसा?"

आता मात्र तिने मशीन थांबवलं. "वाक्य संपलं, खाली चार बोटं कापड उरलं. ओकंबोकं दिसतंय म्हणालीस. मी म्हटलं दोन फुलं काढ. तुला फुलं आवडत नाहीत. मग म्हणालीस, संदर्भ घालते, त्या अध्यायात असंच काहीसं आहे."

"असंच काहीसं?"

"असंच काहीसं. हेच शब्द."

मला आठवलं. भरताना पाय दुखत होता, दिवा डाव्या बाजूला होता, तेसुद्धा आठवलं. संदर्भाचा आकडा मी आधी कागदावर काढून टाके मोजले होते, जागेत बसतो का म्हणून. बसला.

"तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुला? शास्त्राबद्दल? मी?" हसली. पण चांगलं हसली. "पडद्याचं कापड उरलेलं होतं ते. अर्धं तुला दिलं, अर्ध्याची मी मशीन पुसायला फडकी केली. अजून एक आहे बघ." आणि खणातून काढून दाखवलं. तेलाने काळं झालेलं. काठाची वीण तीच.

सुताराचा ओंडका. आठवड्यापूर्वी मीच सांगितला होता, हशे घेत घेत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ह्यांच्या प्रवचनांच्या वह्या काढल्या. सत्तावीस. गेल्या चार वर्षांत धूळ पुसली, उघडली एकही नव्हती. नऊ वर्षांपूर्वीची सापडली. मुलगा ट्रंक घेऊन आला तो बुधवार. प्रवचन त्याच आठवड्यातल्या रविवारचं.

ह्यांची एक शिस्त होती. शास्त्रातलं वचन तांबड्या शाईत, आपलं बोलणं निळ्या. कधी चुकायचे नाहीत. तांबडी शाई संपली तर जागा सोडून ठेवायचे.

वाक्य निळ्यात आहे. पहिल्यांदा लिहिलंय: देव अर्धवट अर्पण घेत नाही. खोडलंय. मग: अर्धवट अर्पण देवाला नको. तेही खोडलंय. तिसऱ्यांदा जमलं. खाली दोन रेघा, इतक्या दाबून की मागच्या पानावर उठल्यात.

एका दुखावलेल्या बापाने तीनदा घासून धार लावलेलं वाक्य. ह्यांनी त्याला देवाचं म्हटलंच नव्हतं. ते मी केलं. दोऱ्याने.

त्या बुधवारी मुलगा काय म्हणाला होता, तेही आज शब्दन् शब्द आठवलं. "आई, मी व्यासपीठावर उभा राहतो तेव्हा मला बाबांचा आवाज ऐकू येतो. देवाचा नाही. मग लोकांना काय सांगू, कुणाचं आहे म्हणून?" मी म्हटलं होतं, हे पळपुट्याचं बोलणं आहे. आणि पुढच्याच आठवड्यात बाबांचा आवाज देवाचं नाव घालून भिंतीवर टांगला.

आणखी एक आठवलं. सभागृहाला रंग दिला तेव्हा चौकट उतरवली होती, ती पुढे दिसेचना. मीच शोधली. कपाटामागे भिंतीकडे तोंड करून होती. पुसून परत लावली. हे तिथेच उभे होते. काही बोलले नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

चौकटीखालून गेले. आत जाताना एकदा, बाहेर येताना एकदा. हात लावला नाही. लोक काय म्हणतील? हेच मनात आलं. पहिलं हेच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पाव आणायला कोपऱ्यावर गेले. बेकरीवाली आपल्याच मंडळीतली, पण रविवारी दिसते ती सभागृहाच्या पायऱ्यांवर. दार उघडं असतं, ती बाहेर बसून ऐकते आणि आशीर्वादाआधी निघून जाते. मला वाटायचं, शिष्ट आहे. हिला लोकांत बसायला नको.

आज विचारलं. का हो, आत का येत नाही?

हातातला पाव कागदात गुंडाळायची थांबली. "भट्टी साडेदहाला उघडावी लागते, बाई. प्रभुभोजनापर्यंत थांबता येत नाही. अर्धीच उपासना होते."

"मग अर्धी आत बसून ऐका."

"नको." जरा लाजली. "दाराशी लिहिलंय ना. आत येऊन परत पाठवून घेण्यापेक्षा बाहेर बरी."

"किती वर्षं?"

"सहा होतील."

सहा वर्षं! उन्हात, वाऱ्यात, दगडी पायरीवर. मी तिच्या शेजारून आत जात होते, हातात शास्त्र. एकदा तर म्हणालेही होते, पदर सावरा, लोकांना जायला वाट द्या.

मी तिला तिथेच सांगितलं, ते वचन नाही. ती घाबरली. "असं नका म्हणू, बाई." उलट तीच मला समजावत होती की असेल, तुम्हाला सापडलं नसेल!

पाव काउंटरवरच राहिला. तिने पाठीमागून पळत आणून दिला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बोलले. तयारीचा कागद नेला नव्हता. उभी राहून म्हटलं, पहिल्या बुधवारी तुमच्या मूर्ती मोजल्या, आज माझी. मग सगळं सांगितलं. कापड, चार बोटं, निळी शाई. मुलाचंही सांगितलं. पाणी प्यायले, पुढे सांगितलं. बेकरीवालीचं नाव घेतलं नाही, पण ती पहिल्यांदाच आत बसली होती, मागच्या बाकावर, दाराजवळ.

वाटलं होतं, चिडतील. चिडायला हवं होतं. नाही चिडल्या.

सोफेवाली म्हणाली, "पण वाक्य चांगलंय की हो, बाई."

दुसरी म्हणाली, "साहेब बोलले म्हणजे वचनासारखंच. आम्ही कुठे फरक करतो?"

तिसरीच्या घरी लहान प्रत दिवाणखान्यात आहे. ती म्हणे, "काढली तर भिंतीवर डाग दिसेल. राहू दे."

मी म्हटलं, त्या वाक्यामुळे माणसं बाहेर बसली आहेत. म्हणाल्या, तसं काही तुमच्या मनात नव्हतं. म्हटलं, होतं. माझ्या मनात एक माणूस बाहेर बसावा हेच होतं. बाकीचे फुकट बसले.

शेवटी शिवणबाईच उठली. "माझ्याकडे उसवायची सुई आहे. ज्यांना हवंय त्यांनी प्रती घेऊन या. डाग दिसत असेल तर कॅलेंडर लावा." दोघी हसल्या. सोफेवाली येऊन माझ्या हातावर हात ठेवून गेली. आणि मी हिच्या प्लास्टिकवर हशे घेतले होते.

चौकट पाळकांनी उतरवली. स्टुलावर चढून, हेल्मेट बाकावर ठेवून. खिळाही काढू का, विचारलं. काढा म्हटलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आधी संदर्भ उसवला. तेवढं खोटं होतं म्हणून. अर्ध्या तासात निघाला. मागे बारीक भोकांची रांग राहिली.

मग नुसतं वाक्य उरलं. पुन्हा पुन्हा वाचलं. संदर्भाविना कसं वाटतं पाहिलं. एका बापाचा राग आहे, बस. असा राग प्रत्येक घरात कधीतरी येतो, दोन दिवस राहतो, जातो. कुणी त्याला काच लावून टांगत नाही.

तेही उसवलं. दुपार गेली. दोरा अजून पक्का होता. मी चांगल्याच दुकानातून आणला होता.

ह्यांच्यावर रागवावं म्हटलं, जमलं नाही. ते रागाच्या भरात बोलले. मला राग नव्हता. मी शांतपणे टाके मोजले.

२ मार्च, रविवार

उपासनेवरून थेट मुलाकडे गेले. तिसरा मजला. लिफ्ट अर्थातच ठीक चालते.

त्याने दार उघडलं तेव्हा हातात उलथणं होतं आणि घरात जळका वास. माझ्याकडे बघतच राहिला. "काय झालं, आई?"

"सांगते. आधी ते अंडं उतरव."

सून बाहेरच्या खोलीतच पलंगावर आहे, म्हणजे एकटी पडायला नको. पाय उशीवर, शेजारी पाण्याची बाटली, दोरी बांधलेली घंटा. घंटा त्याने लिफ्टच्या सुट्या भागातून केलीय. चेहरा सुकलाय पोरीचा. उठू लागली, मी दटावलं. मग खुर्ची न घेता उभ्यानेच सांगून टाकलं — शोधलं, सापडलं नाही, ते देवाचं नव्हतं, मी केलं होतं. आणि ते मध्ये धरून मी नऊ वर्षं तुझ्या ताटाला हात लावला नाही. माफ कर म्हणाले. मुलाला असं म्हणायची सवय नाही. शब्द नीट आला नाही, पुन्हा म्हणावा लागला.

तो म्हणाला, "ते वचन नाही हे मला माहीत होतं, आई."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तीन वर्षं दुसरं काय शिकत होतो मी?"

खरंच की. तीन वर्षं हा शास्त्रच शिकत होता! माझ्या डोक्यातच आलं नाही. "मग बोलला का नाहीस?"

"कुणाला सांगू? वाक्य बाबांचं, भरतकाम तुझं." उलथण्यावरचं जळकं खरवडत होता. "लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आतून ठोकतो तरी. मला वाटलं, तुम्ही दोघं आत बरे आहात."

सुनेने त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याने मान हलवली.

मी विचारलं, बाई मिळाली का अजून? नाही म्हणाला. मग मी आले तर चालेल का?

त्याने आत जाऊन माझ्यासाठी दुसरं अंडं फोडलं. तेही करपवलं. खाल्लं.

४ मार्च, मंगळवार

सामान घेऊन आले. संध्याकाळी तिघांची ताटं मी वाढली. पलंगाला लागून टेबल ओढलं, खिडकीकडची खुर्ची घेतली, तर सून म्हणाली, "ती डुगडुगते, आई. बाबा पायाखाली पुठ्ठा घालायचे."

मला वाटलं, तिचे वडील. मग आठवलं, तिने वडील पाहिलेच नाहीत.

मुलाने हातातला घास खाली ठेवला. "आपले बाबा. दर मंगळवारी यायचे. जेवून जायचे. आजारी पडेपर्यंत. चार वर्षं."

मला का नाही सांगितलं, एवढंच विचारलं.

"सांगेन म्हणायचे. आज नको, पुढच्या आठवड्यात सांगतो —" तो थांबला. पुढचं सुनेने सांगितलं, अगदी हळू.

"तुम्हाला भ्यायचे ते, आई."